नागपूरच्या पोर्चमध्ये जुनी हेराल्ड पुन्हा रस्त्यावर आणताना

माझी हेराल्ड मी पहिल्यांदा पाहिली ती कामठीत, एका जुन्या बंगल्याच्या मागे, कडुनिंबाखाली. समोरच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी असते. तिच्यात वर्षानुवर्षांचा पाला पडून त्याचं खत झालं होतं. वरून गाडी बरी दिसत होती. दार उघडून मॅट उचलली, तर पायाखाली पत्राच नव्हता, थेट जमीन दिसत होती. जाळीखालची पाणी जायची वाट पाल्याने बुजली होती, दर पावसाळ्यात पाणी आत झिरपत राहिलं आणि त्याने फ्लोअर खाऊन टाकला.

तीच गाडी आज रामटेकला जाऊन येते. मधे तीन वर्षं गेली आणि त्यातलं एक निव्वळ चुकीच्या क्रमामुळे वाया गेलं. म्हणून इथे पाना-पक्कडीइतकाच भर क्रमावर देतो आहे: कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि नागपूरच्या कोणत्या महिन्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, जूनच्या मध्याला पाऊस लागतो आणि दिवाळी ते होळी हा काळ पत्र्याच्या नि रंगाच्या कामाला सोन्यासारखा असतो. गाडीचं काम या पंचांगावर बसवलं की निम्मी कटकट वाचते.

गाडीची ओळख थोडक्यात. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने ती 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने ९४८ सीसी इंजिनासह आपल्याकडे बनवली. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार याच हेराल्डची चासी आखूड करून बनवली होती. दोन्हींचं डिझाइन इटलीच्या जियोव्हानी मिकेलॉत्ती यांचं. पुढचं सस्पेन्शन, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, मागचा आडवा पाटा, इंजिनाचं घराणं, सगळं एकच. त्यामुळे या लेखातलं बहुतेक सगळं स्पिटफायरलाही लागू आहे, आणि एमजी ही दुसरी जुनी ब्रिटिश गाडी असेल तर ब्रेक, वायरिंग, पेट्रोल, रंग हे भाग तसेच्या तसे उपयोगी पडतील.

घरी काम करणाऱ्यासाठी हेराल्डइतकी मायाळू गाडी क्वचितच मिळेल. बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं, तुम्ही पुढच्या चाकावर बसून इंजिनावर काम करू शकता. पाठ वाकवावी लागत नाही.

कागद आधी

गाडी कितीही आवडली तरी आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः, टॉर्च लावून, गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाखाली गाडलेला नंबर दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हे काम पुढे ढकललं की घरात गाडी असते, पण नावावर कधीच होत नाही.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम आणले. नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० आणि मुदत १० वर्षं. मात्र ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. शिवाय गाडीची चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं. दुसरं इंजिन बसवायचा मोह होत असेल तर हे आधी लक्षात घ्या. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन फिरायला जायचं असेल, तर साधी नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवणं मला जास्त सोयीचं वाटलं. गिरीपेठच्या आरटीओत जाण्यापूर्वी सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती करून ठेवा.

विकत घेताना काय बघायचं

एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. दारांच्या खालची कड, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ यांवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग खाली झोपून चासीच्या बाहेर आलेल्या हातांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगलं लोखंड टणत्कार देतं, सडलेलं धप्प वाजतं.

इंजिन चालू असेल तर ही चाचणी चुकवू नका. इंजिन बंद करा, एकाला क्लच दाबायला आत बसवा आणि तुम्ही क्रँकच्या पुलीकडे नीट बघा. क्लच दाबल्यावर पुली पुढे-मागे सरकताना सहज दिसली, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे आतले थ्रस्ट वॉशर झिजलेत. ही हालचाल ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसण्याइतकी असायला हवी. ट्रायम्फच्या या इंजिनांची ही जुनी खोड आहे. वॉशर निसटून पडला तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात.

इंजिन जाम असलेल्या गाडीला मात्र घाबरू नका, सडलेल्या चासीच्या गाडीला घाबरा. इंजिन मोकळं होतं. चासी गेलेली गाडी घरी उभी करणं फार अवघड.

जागा, हत्यारं आणि वेळ

माझ्याकडे गॅरेज नाही, टिनाचं छप्पर टाकलेला पोर्च आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते नऊ एवढाच वेळ कामाचा. त्यानंतर टिनाखाली थांबणं धोक्याचं. थिनर, पेट्रोल, रंगाचे डबे या छपराखाली ठेवूच नका.

आणखी एक गोष्ट नागपूरकरांना सांगायलाच हवी. गरम होतं म्हणून पोर्चमध्ये डेझर्ट कूलर लावून काम करू नका. कूलरची ओली हवा नुकत्याच घासलेल्या पत्र्यावर गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नारिंगी फुफाटा चढलेला असतो. मी एका रात्रीत दोन दारांची मेहनत अशीच घालवली. साधा पंखा लावा.

या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. आपल्या घरातला तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटवर बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. जोर लावला की कोपरे गोल होतात, मग छिन्नी आणि गॅस. म्हणून ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ हे रिंग पाने आणि सॉकेट आधी घ्या. त्यासोबत टॉर्क रेंच, फिलर गेज, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, टायमिंग लाइट आणि दोन ग्रीसगन. दोन का, ते पुढे येईल.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. चार भक्कम स्टँड, ज्यांना मेकॅनिक घोड्या म्हणतात, ते लावा. विटांवर तर अजिबात नाही, वीट आधी काहीही न सांगता फुटते. घोड्या लावल्यावर गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा, मगच खाली शिरा.

खोलताना

गाडी खोलायला एक आठवडा लागतो आणि जोडायला दोन वर्षं. हा फरक निव्वळ आठवणीचा आहे. प्रत्येक भाग काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर फोटो घ्या. नट-बोल्ट त्या-त्या भागाच्या नावाच्या पिशवीत टाका. कागदी चिठ्ठी तेलाने विरघळते, म्हणून पातळ पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नाव कोरून पिशवीत ठेवा.

हेराल्डची बॉडी अनेक तुकड्यांत चासीवर बोल्टने बसलेली असते. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये पातळ चकत्या असतात आणि दारांच्या फटी त्या चकत्यांवर ठरतात. कोणत्या बोल्टखाली किती चकत्या होत्या हे वहीत लिहून घ्या. सगळी बॉडी एकदम उतरवू नका. पुढचा भाग जागेवर असताना मागचं काम आणि मागचा बसला की पुढचं, असं केलं तर दारं शेवटी नीट लागतात. स्पिटफायरला छताचा आधारच नाही, तिथे दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा वेल्ड करूनच पत्रा कापायला घ्या.

पत्रा कापणं आणि वेल्डिंग हे काम दसऱ्यानंतर सुरू करा. वेल्डरला घरी बोलावता येतं. मिग वेल्डिंगचाच आग्रह धरा, गॅसच्या आचेने पातळ पत्रा वाकडा होतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढून लांब ठेवा आणि पाण्याची बादली व अग्निशामक हाताशी ठेवा. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वेल्ड करणारे भेटतील. नको म्हणा. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि तीन पावसाळ्यांत दोन्ही जातात. सडलेला भाग स्वच्छ लोखंड लागेपर्यंत कापायचा, तुकडा कडेला कड भिडवून जोडायचा आणि त्याच दिवशी उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर मारायचा. पुट्टी त्यानंतर, तीही पातळ. काचेखालच्या त्या जाळीतून शेवटी एक तांब्याभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडताना डोळ्यांनी बघा.

ब्रेक आणि पुढची चाकं

इंजिन चालू करायची घाई सगळ्यांना असते. पण गाडी थांबते याची खात्री होण्याआधी ती चालवू नये, एवढं साधं आहे.

जुन्या हेराल्डला ब्रेकचं एकच सर्किट असतं. चारपैकी एक रबरी होज फुटला की पेडल थेट खाली आणि हाती उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून सगळे होज, सगळे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरची रबरं डोळे झाकून नवी घ्या, जुनी चांगली दिसत असली तरी. धातूचे पाइप जिथे गंजाने खडबडीत झालेत तिथे बदला. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. कुणी इंजिन ऑइलचा थेंब जरी घातला तरी रबरं फुगतात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. मग ड्रमचा ॲडजस्टर चाक घट्ट होईपर्यंत फिरवा आणि चाक मोकळं फिरेल इतका, एक-दोन खटके, मागे घ्या.

आता या गाडीचा सगळ्यांत नाजूक भाग. पुढच्या प्रत्येक चाकाचा उभा खांब खाली एका पितळी ट्रनियनमध्ये आट्यांनी बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की तो त्या आट्यांतच फिरतो. दोन बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे डावा-उजवा भाग अदलाबदल करता येत नाही. या ट्रनियनला ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस घट्ट होऊन आट्यांपर्यंत पोहोचत नाही, पाणी आत राहतं, खांब आतून गंजतो आणि एक दिवस वळणावर किंवा पार्किंगमध्ये तुटून चाक आत दुमडतं. आपल्याकडे ग्रीसगन हाती आली की दिसेल त्या निपलला ग्रीस मारायची सवय आहे आणि या गाड्यांची पुढची चाकं त्या सवयीपायीच गेली आहेत.

म्हणून दुसरी ग्रीसगन. तिच्यात फक्त ईपी ९० भरायचं आणि वर लाल रंगाचा पट्टा मारायचा. पुढची दोन्ही चाकं घोड्यांवर अधांतरी ठेवा. ट्रनियनवरचा छोटा बोल्ट काढून तिथे निपल बसवा. एक जण हळूहळू गन दाबेल, दुसरा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवेल. आधी काहीच येत नाही. मग वरच्या रबरी सीलच्या कडेने काळपट, कधी विटकरी पाणी मिसळलेलं तेल बाहेर यायला लागतं. ते पुसत राहा. स्वच्छ, मधासारखं तेल दिसलं की थांबा. माझ्या गाडीच्या डाव्या बाजूने पहिल्यांदा तेल आलंच नाही, आत जुनं ग्रीस दगडासारखं झालं होतं. ट्रनियन उलगडला तर खांबाच्या तळाचे आटे गंजाने कुरतडलेले निघाले. तो खांब मी साफ करून वापरला नाही, दुसरा मागवला. इथे काटकसर करायची नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, वर्षातून दोनदा हे तेल मारायचं.

मागच्या चाकांचे हब काढायला खास पुलर लागतो. हातोड्याने काढायला गेलात तर शाफ्टचं टोक चेपतं. हे एक काम मी हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे प्रेसवर करून घेतलं. बेअरिंगवरचा नंबर वाचता आला तर बहुतेक बेअरिंग शहरातल्या दुकानात नंबरावर मिळतात. बुश लेथवर बनतात. ट्रनियन, खांब, थ्रस्ट वॉशर असे भाग इंग्लंडमधून मागवता येतात, तिथे या गाड्यांचे भाग आजही नव्याने बनतात. कस्टम ड्युटीचा हिशेब आधी करून एकाच पार्सलमध्ये सगळं मागवा.

इंजिन

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं गंज सोडवणारं तेल किंवा डिझेल आणि गिअर ऑइल यांचं मिश्रण घाला आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग पुलीच्या नटवर लांब पाना लावून हाताने फिरवा. थोडं पुढे, थोडं मागे. अडलं तर जोर न लावता पुन्हा तेल घालून थांबा. फिरलं की जुनं इंजिन ऑइल काढा, इंजिनाखालचं ऑइल चेंबर उघडून तळचा गाळ साफ करा, नवं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल आणि फिल्टर घाला. प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइल प्रेशर येतं का बघा. ते आल्यावर कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. एकच सिलिंडर खूप खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट बसवायचं, काम मला सगळ्यांत आवडतं. इंजिन पूर्ण थंड असताना, पहाटे, बॉनेट पुढे कलवून उजव्या चाकावर बसायचं. गॅप ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर. आठ व्हॉल्व्ह आहेत, बेरीज नऊ यायला हवी. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना आठवा सेट करायचा, दुसरा दाबलेला असताना सातवा, असं. फिलरची पाती आत सरकताना लोण्यातून सुरी जावी तशी हलकी ओढ लागली पाहिजे. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

गिअरबॉक्समध्ये ऑइल भरताना डब्यावर जीएल-४ लिहिलेलं आहे याची खात्री करा. जीएल-५ मधली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्रास देतात. दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगेल, डबा स्वतः वाचा.

शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली पूर्ण बंद झालं. जुन्या बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्ट सीट त्या शिशावर टिकत होत्या. हेड कधी उतरवलंच तर कडक सीट बसवून घ्या. उतरवायची गरज नसेल तर टॅपेट गॅप दर हंगामात मोजा. एक्झॉस्टचा गॅप पुन्हापुन्हा कमी होत असेल तर सीट आत बसायला लागली आहे.

ऊन आणि आजचं पेट्रोल

पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची रबरं त्यात मऊ पडून फुटतात. पाइप फुटला तर पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर पडतं, कारण या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. एसएई जे३०आर९ असं छापलेला फ्लुओरो रबरचा पाइप लावा आणि दरवर्षी हाताने दाबून तपासा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर शिळ्या पेट्रोलवर ठेवू नका, टाकी आतून गंजते. मिश्रणही थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लगचं टोक पांढरं पडायला लागलं तर कार्ब्युरेटरमध्ये एक पायरी मोठा मेन जेट लावून पाहा, टोक बिस्किटी रंगाचं व्हायला हवं.

मे महिन्यात धंतोलीपासून सदरला जाऊन गाडी दहा मिनिटं उभी केली आणि परत चालू होईना, असं झालं तर बहुधा कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळलं आहे. कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटर ब्लॉक, एक्झॉस्टच्या वर पत्र्याची ढाल आणि पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवणं, या तीन गोष्टींनी माझा त्रास जवळपास संपला. रस्त्यातच अडलात तर बॉनेट उघडून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि थोडं थांबा.

"थर्मोस्टॅट काढून टाका ना भाऊ, गाडी थंडी राहते," हा सल्ला तुम्हाला प्रत्येक गॅरेजात मिळेल. ऐकू नका. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की डिसेंबरच्या पहाटे इंजिन कधी तापतच नाही, चोक लांबतो आणि पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन काढतं. गाडी तापते ती बुजलेल्या रेडिएटरमुळे. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातल्याने नळ्यांत क्षार बसतो. रेडिएटर उघडून साफ करून घ्या किंवा नवा कोअर टाका, ब्लॉकच्या मागच्या बाजूचा गाळ काढा आणि पुढे फक्त डिस्टिल्ड वॉटर व कूलंट.

इलेक्ट्रिक फॅन लावायची घाई करू नका, असं मी सांगेन. या गाड्यांचा डायनामो जेमतेम २० अँपिअरच्या आसपास देतो आणि सिग्नलवर आयडल असताना जवळपास काहीच देत नाही. त्यावर हेडलाइट आणि फॅन दोन्ही चालवले की बॅटरी उतरते. रेडिएटर खरोखर स्वच्छ असेल तर मूळचा पंखा पुरतो.

वायरिंग

पावसाळ्याचे चार महिने या कामाला. पाऊस पडत असताना पोर्चमध्ये बसून करता येतं. बॅटरी जोडण्यापूर्वी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का बघा, जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची प्लस तार बॉडीला असणं साधी गोष्ट होती. या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकस कंपनीच्या तारांचे रंग पाठ करा, मग आकृतीची गरज कमी पडते: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थ. मूळ गाडीत फ्यूज फारच थोडे. हेडलाइटला रिले आणि प्रत्येक मोठ्या सर्किटला स्वतंत्र फ्यूज लपवून घाला, मूळ रूप बिघडत नाही. निम्मे विजेचे दोष खराब अर्थचे असतात. बॉडीला जिथे तार बसते तिथला रंग खरवडा, बोल्ट घट्ट करा, वरून ग्रीस लावा.

उंदीर पावसाळ्यात गाडीत येतात. सीटखाली आणि एअर फिल्टरमध्ये दर आठवड्याला बघा. मारबतीच्या सुमारास माझ्या गाडीत एकदा कापसाचं घरटं सापडलं होतं, पार सीटच्या स्प्रिंगपर्यंत.

रंग सगळ्यांत शेवटी

माझं वाया गेलेलं वर्ष इथे गेलं. गाडी लवकर छान दिसावी म्हणून मी जुलैमध्ये रंग मारून घेतला. हवेतल्या ओलाव्याने रंगावर दुधट झाक आली. पुढच्या महिन्यात ब्रेकची हवा काढताना ब्रेक ऑइल सांडलं आणि मडगार्डावरचा रंग साबणासारखा सुटला. पुन्हा घासून सुरुवात केली. म्हणून आधी ब्रेक, इंजिन, पाणी-तेलाची गळती हे सगळं संपवा, गाडी प्रायमरवरच दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रंगाला घ्या. दारं, बॉनेट, डिकी काढून वेगळी रंगवली तर कडांना रंग नीट पोहोचतो. आजचे दोन घटकांचे पीयू रंग घरी स्प्रे करू नका, त्यांच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं नुकसान करतं आणि साधा मास्क ते अडवत नाही. घासणं, पुट्टी, प्रायमर घरी करा, शेवटचा रंग बूथमध्ये मारून घ्या.

रस्त्यावर

पहिली फेरी कॉलनीत, फक्त ब्रेकसाठी. दुसरी पहाटे फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सच्या चढावर. तापमानाचा काटा चढ संपताना किती वर गेला आणि उतारावर किती लवकर खाली आला हे बघायचं. टायर १३ इंची, १४५ किंवा १५५ रुंदीचे रेडियल, आणि कडेवरची निर्मितीची तारीख वाचूनच घ्या. नक्षी कोरी असली तरी जुना टायर उन्हात तडकतो.

एक गोष्ट गाडी चालवायला देताना प्रत्येकाला सांगा. हेराल्डचा मागचा ॲक्सल झुलता आहे. वळणावर जोरात शिरून मधेच ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला तर मागचं चाक आत वळतं आणि गाडीची शेपटी सुटते. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणात पाय हलका पण लागलेला ठेवा. मागच्या टायरमध्ये हवा पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची, ती याचसाठी.

पंधरा दिवसांतून एकदा गाडी निदान २० किलोमीटर चालवा. नुसतं पोर्चमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. सायलेन्सर आणि ऑइलमध्ये पाणी साठतं आणि आतून गंज सुरू होतो. कव्हर सुती घ्या, प्लास्टिकचं नको. ब्रेक ऑइल आणि कूलंट दर दोन वर्षांनी, इंजिन ऑइल दरवर्षी दिवाळीआधी. दसऱ्याला गाडी धुताना बॉनेटच्या आत पाइप मारू नका, डिस्ट्रिब्युटर आणि डायनामो ओल्या फडक्याने पुसा, मग हार घाला.

एवढं झालं की एका रविवारी पहाटे रामटेकला निघा, जवळपास ५० किलोमीटर आहे. पोहोचल्यावर आधी चारही चाकांच्या हबला तळहाताची मागची बाजू लावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकतो आहे. गाडीखाली वाकून तेलाचे थेंब कुठे आणि किती पडले ते बघा, काटा कुठे आहे ते बघा आणि सगळं वहीत तारखेसह लिहून ठेवा. परत आल्यावर, इंजिन पूर्ण गार झालं की, टॅपेट पुन्हा एकदा मोजा.